बिडाचा पॅन: चिकट थर, गंज आणि साबणाचं भांडण

निवांत

वापरलेला बिडाचा पॅन हाती आलाय. आधीच्या मालकिणीने हौसेने घेतला, वजनाला कंटाळली आणि माझ्या गळ्यात मारला. दहा इंची आहे, वजन सव्वादोन किलोच्या पुढेच. एका हाताने उचलायचा म्हणजे मनगटाची परीक्षा.

अवस्था अशी आहे. मधोमध बशीएवढा भाग काळाभोर आणि गुळगुळीत, तिथे काही तक्रार नाही. कडेच्या भिंतींवर मात्र तपकिरी चिकट थर आहे. बोट टेकवलं की बोट धरून ठेवतो, आणि त्यात तेलाचे ओघळ तसेच वाळलेत. दांड्याजवळ नारिंगी गंज. आणि एका जागी काळ्या थराचे पोपडे निघून खालचा करडा धातू उघडा पडलाय.

वाचायला बसले तर प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणतो साबण लावलात तर पॅन गेला. दुसरा म्हणतो जवसाच्या तेलाशिवाय पर्याय नाही. तिसरा सरळ जाळात टाकायला सांगतो. टोमॅटो वर्ज्य, धातूचं उलथनं वर्ज्य, पाणी शक्यतो वर्ज्य! इतके सोवळ्याचे नियम पाळून कोणी रोज स्वयंपाक करत असेल असं वाटत नाही.

दोनच प्रश्न आहेत. सगळा थर उतरवून नव्याने सुरुवात करू की जिथे बिघडलंय तेवढंच दुरुस्त करू? आणि वरच्या नियमांतले खरे कोणते?

आळशी_आचारी

घासा, वाळवा, तेलाचं बोट फिरवा, शिजवा. धागा संपला. :)

धातुशास्त्री

आळशी, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचं कारण कळलं तर निवांत यांना पुढच्या वेळी धागा काढावा लागणार नाही.

बीड म्हणजे लोखंडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन आणि १ ते ३ टक्के सिलिकॉन. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, बीड ११५० ते १२०० च्या आसपासच. म्हणून ते साच्यात ओतणं सोपं. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट १७०७ साली घेतलं, आणि आजही पॅन मुळात तसेच बनतात. हा जादा कार्बन धातूत ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे बीड कडक असतं पण ठिसूळही असतं: वाकत नाही, तडकतं.

आता काळा थर. तो नुसत्या तेलाचा नाही आणि नुसत्या काजळीचाही नाही. तेलातले असंतृप्त मेदाम्ल गरम होऊन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, मग एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पॉलिमर म्हणतात तो हाच. एकदा असं जाळं झालं की ते परत तेल होत नाही. 'बिडाची छिद्रं तेल पितात' असं सर्रास वाचायला मिळतं, पण पॅनला तेल शोषून घेणारी छिद्रं वगैरे नसतात. पृष्ठभाग खरखरीत असतो, त्या खाचाखोचांत थराला धरायला जागा मिळते, इतकंच.

तुमच्या कडांवरचा चिकटपणा म्हणजे अर्धवट राहिलेली हीच क्रिया. तेल जाड लागलं, वरचा पापुद्रा आवळला, खालचं तेल ओलंच राहिलं. किंवा आच कमी पडली. ओघळ दिसतायत म्हणजे पहिलंच कारण.

चिमूटभर

निवांत, सगळा पॅन सोलायची काही गरज नाही गं. मधला भाग चांगला असेल तर त्याला हात लावू नकोस. तो भाग कुणीतरी शिजवून शिजवून कमावलाय, तो ओव्हनमधून इतक्या सहज मिळत नाही.

आधी कोमट पाणी आणि तारेची घासणी घे, गंज आणि चिकट भाग दोन्ही जोर लावून घास. पोपडे निघतायत तिथे कडा नखाने उचकटून बघ; जे सैल आहे ते निघू दे. घट्ट बसलंय ते राहू दे. थराची कड बोटाला पायरीसारखी लागायला नको, ती घासून उतरती झाली पाहिजे, नाहीतर नवा थर तिथूनच परत उचलला जातो.

मग धू, पूस, आणि लगेच मंद आचेवर ठेव. कापडाने कोरडा केलेला पॅन कोरडा नसतो. गॅसवर ठेवलास की दोन मिनिटांत दांड्याच्या मुळाशी वाफ निघताना दिसेल, तेव्हा पटेल.

आता तेल. इथेच सगळे फसतात. पॅन हाताला सोसवेल इतपत गरम असताना अर्धा चमचा तेल टाक आणि आत, बाहेर, बुडाला, दांड्याला, सगळीकडे चोळ. आता दुसरं कोरडं सुती कापड घे आणि ते सगळं तेल पुसून काढ. चुकून लागलं होतं अशा थाटात पूस. पॅन तेलकट चकाकता कामा नये, कोरडा आणि किंचित मंद दिसला पाहिजे. तुला वाटेल आता काहीच राहिलं नाही. जे राहिलंय तेवढंच हवंय. दाराला रंग देताना एक जाड हात मारला की ओघळ येतात आणि पातळ हात दिले की टिकतो, तसंच हे.

ओव्हनमध्ये पालथा ठेव, २३० अंश, एक तास. ओव्हन बंद करून आतच गार होऊ दे. दहा मिनिटं तापल्यावर एकदा बाहेर काढून परत पुसलंस तर आणखी छान, कारण तापल्यावर तेलाचे बारीक थेंब जमतात, ते तेव्हा निघतात. खिडकी उघडी ठेव, धूर होतो.

उगाच_शंका

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी काय करायचं?

चिमूटभर

गॅसवरही होतं. तसंच तेल पुसून घ्यायचं, मध्यम आचेवर धूर यायला लागेपर्यंत तापवायचं, मिनिटभर तसंच ठेवायचं, बंद करायचं. फक्त बुडाचा मधला भाग नीट तापतो, कडा तितक्या तापत नाहीत. म्हणून पॅन बर्नरवर सरकवत राहायचं. कडा कमी काळ्या राहिल्या तरी जग बुडत नाही, शिजवतो आपण मध्येच.

जुनं_ते_सोनं

सगळं वाचलं. पण साबणाचं काय ते कोणी बोललं नाही. मी साबण कधीही लावत नाही आणि लावूही देत नाही. गरम पाणी, जाड मीठ, कापड. माझ्या हाताखाली आलेला एकही पॅन आजतागायत चिकटलेला नाही. नव्या लोकांना सगळं फेसाळल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही, त्याला काय करणार.

धातुशास्त्री

काकू, मिठाने घासणं उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. साबणाचा नियमही एके काळी बरोबर होता. पूर्वीच्या घरगुती साबणात कॉस्टिक सोडा जास्तीचा राहून जायचा, आणि कॉस्टिक सोडा हा थर खरोखर खातो. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यांत आजही तोच असतो, म्हणून पॅन पूर्ण सोलायचा असेल तर लोक तो फवारा मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात.

पण भांडी घासायचं आजचं द्रावण डिटर्जंट असतं. ते मोकळं तेल पाण्यात मिसळवून काढून टाकतं. जाळं झालेला थर हा मोकळं तेल नाहीच, तर त्याला ते काय करणार? फेसाने निघून जातो तो थर मुळात झालेलाच नव्हता.

जुनं_ते_सोनं

तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण मी पाहिलंय की साबण लावणारा माणूस पॅन सिंकमध्ये भिजतही घालतो. साबण लावत नाही तो भिजतही घालत नाही. त्यामुळे माझा नियम मी बदलणार नाही.

धातुशास्त्री

हे मात्र मान्य. खरा शत्रू पाणी. रात्रभर भिजत पडलेल्या पॅनला सकाळी गंज असणारच, साबण असो वा नसो. आणि डिशवॉशरमध्ये तर कधीच नको: जोरदार अल्कली, गरम पाणी आणि तासभर ओल, तिन्ही एकदम.

आळशी_आचारी

काकूंच्या तर्काला माझा सलाम. मी साबण लावतो आणि भिजत घालत नाही, म्हणजे मी नियमाला अपवाद. :)

रानवारा

जवसाच्या तेलाबद्दल कोणी काहीच का बोलत नाही? सगळ्यात कडक थर त्याचाच येतो. त्यात अल्फा लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून अधिक असतं, म्हणूनच ते इतकं पटकन वाळतं; तैलरंगात चित्रकार उगाच ते वापरत नाहीत. मी पॅन जवसाच्या तेलाने केलाय, काचेसारखा दिसतो.

बल्लव

दिसतो काचेसारखा आणि निघतोही काचेसारखाच, तुकड्या-तुकड्याने. रानवारा, राग मानू नका, पण तुम्ही त्या पॅनवर रोज शिजवता का? जवसाचा थर कडक होतो पण लवचीक नसतो. पॅन तापतो, फुगतो, गार होतो, आकसतो, आणि असं होता होता थर पोपडे धरतो. निवांत यांच्या पॅनवर जे पोपडे आहेत ते याच जातीचे असतील तर मला नवल वाटणार नाही.

सोयाबीन, सूर्यफूल, कनोला, द्राक्षबियांचं, घरात जे रिफाइंड तेल असेल ते चालतं. लॉज ही अमेरिकी कंपनी २००२ पासून कारखान्यातच थर भाजलेले पॅन विकते, ते सोयाबीनच्या तेलाने. स्वस्त, साधं तेल. ज्यांना हजारो पॅन करायचेत ते जवसाच्या मागे लागले नाहीत, यातच काय ते आलं.

रानवारा

माझ्या पॅनचे पोपडे निघालेले नाहीत. रोज नाही, पण वापरतो. थर पातळ देत असाल तर जवसाचं तेल टिकतं, लोक जाड देतात आणि तेलाला दोष देतात.

बल्लव

तुमचा पॅन, तुमचा अनुभव. नव्या माणसाला मी तरी सांगणार नाही.

उगाच_शंका

टोमॅटोचं राहिलंच. आणि जोडून एक प्रश्न: लोखंड अन्नात उतरतं म्हणतात ते खरं का? खरं असेल तर चांगलं की वाईट?

धातुशास्त्री

उतरतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वीस पदार्थ लोखंडी आणि बिनलोखंडी भांड्यांत शिजवून तुलना केली होती. टोमॅटोच्या सॉसमध्ये १०० ग्रॅममागे ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं लोह लोखंडी पॅनमध्ये शिजवल्यावर ६ च्या जवळ गेलं. सफरचंदाच्या गरात तर ०.३५ वरून ७ च्या वर. जितकं आंबट, जितकं पातळ आणि जितका वेळ शिजेल तितकं जास्त. कोरडं, झटपट परतलेलं असेल तर फरक किरकोळ. जुन्या, मुरलेल्या पॅनमधून नव्यापेक्षा कमी उतरतं, कारण मध्ये थर असतो.

चांगलं की वाईट हे खाणाऱ्यावर आहे. ज्यांना लोह कमी पडतं त्यांना थोडी मदत होते, पण अॅनिमियावरचं औषध म्हणून यावर विसंबू नये. आणि ज्यांच्या शरीरात लोह साठत जाण्याचा आजार आहे, हिमोक्रोमॅटोसिस, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोखंडी भांड्यात आंबट शिजवू नये.

बल्लव

टोमॅटोबद्दल व्यवहारातलं सांगतो. मुरलेल्या पॅनमध्ये शेवटी दोन टोमॅटो चिरून घातले आणि दहा मिनिटांत काढले तर काही होत नाही. तासभर रटरटत ठेवलं तर थर पातळ होतो आणि पदार्थाला धातूची चव लागते. व्हिनेगर, वाईन, लिंबाचा रस, सगळ्याला हेच लागू. आणि शिजवून त्यातच झाकून ठेवायचं नाही, आंबट असो नसो. तास तास शिजवायचं असेल तर मुलामा दिलेलं बिडाचं भांडं घ्या. त्याला काचेचा थर असतो, हे सोपस्कार लागत नाहीत. फक्त ते रिकामं तापवू नये आणि आपटू नये, टवका उडतो.

निवांत

सगळ्यांचे आभार. चिमूटभर, तू सांगितलंस तसंच करतेय. पण दांड्याजवळचा गंज घासणीने पूर्ण जात नाहीये, खाचेत राहतोय. व्हिनेगर वापरू का?

चिमूटभर

चालेल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. इतकासा गंज आहे तर पॅन बुडवू नकोस, त्यात कापड भिजवून तेवढ्यावरच ठेव. पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घास. राहिला तर परत. पण ठेवून विसरू नकोस! गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. निघाला की भरपूर पाण्याने धू आणि ताबडतोब आचेवर वाळव, कारण उघडा धातू डोळ्यांदेखत परत तांबूस होतो.

रानवारा

मला वाटलेलं कोणी इलेक्ट्रोलिसिस सुचवेल.

धातुशास्त्री

इतक्याशा गंजासाठी? पण विषय निघालाच आहे तर धोका सांगून ठेवतो. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, ऋण टोक पॅनला आणि धन टोक टाकाऊ लोखंडाच्या पत्र्याला, अशी ती पद्धत. चालते उत्तम. मात्र तो पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. शिवाय हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत करायचं नाही. ज्यांना विजेची कामं सवयीची नाहीत त्यांनी या वाटेला जाऊच नये.

आणि जाळात टाकायचा सल्ला ज्याने कोणी दिला त्याला माझा नमस्कार सांगा. थर जळून जातो हे खरं. पण उघड्या जाळात एक बाजू लाल आणि दुसरी बाजू काळी अशी अवस्था होते. तेवढ्यात पॅन वाकतो किंवा तडकतो. वाचलाच तर त्यावर असा लालसर, खवल्यांचा पृष्ठभाग येतो की पुढे त्यावर तेलाचा थर नीट धरतच नाही. ओव्हनचा स्वतःला जाळून साफ करण्याचा कार्यक्रम असतो, त्यातही हीच भीती, जरा कमी.

जुनं_ते_सोनं

निवांत, एक गोष्ट सगळ्यात आधी करायला हवी होती, ती कोणी सांगितलीच नाही. पॅन दांड्याच्या भोकातून बोटावर टांगून लाकडी चमच्याने हलकेच मार. खणखणीत नाद आला आणि थोडा वेळ घुमत राहिला तर पॅन धड आहे. बद्द आवाज येऊन लगेच मेला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे, डोळ्याला दिसो ना दिसो. तडा असेल तर कष्ट करू नकोस, तो एक दिवस आचेवर दुभंगतो.

मग ओट्यावर ठेवून कडेला बोट दाबून बघ. डुगडुगत असेल तर बूड वाकलंय. गॅसवर चालवून घेता येतं, सपाट काचेच्या शेगडीवर नाही.

निवांत

काकू, वाजवून पाहिला. घुमतोय मस्त! डुगडुगत नाही.

धातुशास्त्री

काकूंनी सांगितलेली परीक्षा अगदी खरी. त्यात एक भर. पॅन फार जुना आणि कुठून आला ते माहीत नसेल तर शिशाची चाचणी करून घ्यावी. अशा भांड्यांत पूर्वी मासेमारीची वजनं आणि बंदुकीच्या गोळ्या ओतायला शिसं वितळवत असत. शिसं घासून जातं असं धरून चालू नये. निवांत यांच्या पॅनचा आधीचा मालक माहीत आहे, तेव्हा काळजी नाही.

उगाच_शंका

शेवटचा प्रश्न म्हणतो पण शेवटचा नाही. माझ्याकडेही बिडाचा पॅन आहे, थर बरा आहे, तरी अंडं चिकटतं. मग थराचा उपयोग काय?

बल्लव

आता माझ्या आवडीचा विषय आला.

तुमच्या थराचं काही चुकलेलं नाही, आचेचं चुकतंय. सगळे समजतात बीड सगळीकडे सारखं तापतं. उलट आहे. उष्णता वाहून नेण्यात बीड अॅल्युमिनियमच्या तुलनेत चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढंच. बर्नरच्या वर्तुळावर ते तापतं आणि तीन बोटं पलीकडे गार राहतं. खात्री करायची तर कोरड्या पॅनमध्ये पीठ भुरभुरून पातळ थर करा आणि गॅस लावा. थोड्या वेळाने पिठात बर्नरची कडी तपकिरी उमटते, मधला भाग आणि कडा पांढऱ्याच राहतात. एकदा ते पाहिलं की मोठ्या आचेवर घाईघाईने पॅन तापवायची सवय आपोआप सुटते.

बिडाचा गुण वेगळा: पकडलेली उष्णता ते सोडत नाही. जाड असतं, जड असतं, त्यामुळे साठा मोठा. पातळ पॅनमध्ये गार मासा टाकला की पॅनच गार होतो, मासा पाणी सोडतो आणि वाफेवर शिजतो. बिडाच्या पॅनचं तापमान एवढ्याने कोसळत नाही. म्हणून त्याला खरपूस रंग येतो. बटाट्याच्या कापा, मांसाचा तुकडा, पावाची खालची बाजू, जिथे तपकिरी पापुद्रा हवाय तिथे याला तोड नाही.

तेव्हा मंद ते मध्यम आच, आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा पॅन फिरवून. मग बाकीचं.

आता अंडं. पाण्याचा थेंब टाकून पाहायची रीत आहे ना, थेंब गोळी होऊन नाचला की पॅन तापला? तो थेंब साधारण २०० अंशांच्या जवळपास नाचायला लागतो. मासा-मांसाला ते ठीक, अंड्याला फार जास्त. अंड्यासाठी थेंब टाकल्यावर चुर्र होऊन पसरत उडून गेला पाहिजे, नाचता कामा नये. किंवा लोणी घाला: फेस येऊन हळूहळू निवला आणि लोणी पिवळंच राहिलं तर आच बरोबर. लगेच तपकिरी झालं तर पॅन उतरवून ठेवा.

अंडं फोडलं की हात आवरा. उलथनं घालून खालून खरवडायची घाई होते तिथेच सगळं बिघडतं. कड पांढरी घट्ट होऊ द्या, पॅन हलकेच हलवा. सुटायची वेळ आली की ते स्वतःच सरकतं. आणि तेल-लोण्यात कंजूषी नको. बिडाचा पॅन बिनतेलाचा पॅन नव्हे, कितीही मुरला तरी.

उगाच_शंका

थेंब नाचायचा! आणि मी खूश व्हायचो.

आळशी_आचारी

बल्लव, यावर वेगळा धागा काढा. वाचनखूण साठवतोय.

धातूच्या उलथन्याचं मी सांगतो, कारण मी तेच वापरतो. बिनधास्त वापरा, पण सरळ कडेचं आणि कोपरे गोल असलेलं. उलट त्याने पृष्ठभागावरचे उंचवटे हळूहळू उतरतात. टोकदार चमच्याने खणायचं मात्र नाही.

निवांत

प्रगती सांगते. गंज गेला. चिकट भिंतींचं अर्धं काम घासणीने झालं, ओघळ मात्र ढिम्म हलत नव्हते. मग धातुशास्त्री यांनी वर म्हटलेलं कमी पडलेल्या आचेचं मनावर घेऊन तेल न लावताच पॅन ओव्हनमध्ये पालथा घालून २३० वर तासभर ठेवला. चिकटपणा बहुतेक गेला, थर कडक झाला. ओघळ कडक झाल्यावर लाकडी खरवडणीने टचकन उडाले. त्यानंतर चिमूटभरच्या पद्धतीने तेल लावून पुसून दोन-चार वेळा भाजला.

उघड्या धातूचा डाग आधी तांब्यासारखा, मग तपकिरी झाला. अजून मधल्या भागाइतका काळा नाही, पण हाताला गुळगुळीत लागतो. कांदा-बटाटा परतला, चिकटला नाही. एकच खटकतं: पांढऱ्या कापडाने पुसला की कापड काळं होतं. हे पोटात जातंय का?

चिमूटभर

वा! मस्त झालं की. रंगाच्या मागे लागू नकोस, परतत राहा, काळा होईल.

कापडावरचं काळं म्हणजे बहुतेक जळून चिकटलेल्या अन्नाचा आणि तेलाचा कोळसा. जाड मीठ आणि चमचाभर तेल घालून कापडाने गोल गोल घास, धू, वाळव. मग थोडं करडं येत राहिलं तर दुर्लक्ष कर. भसाभसा काळं येत असेल तरच घासणी घे.

रानवारा

इंडक्शनवर चालतो का? आणि काचेवर ओरखडे पडतात का?

बल्लव

चालतो, लोहचुंबक चिकटतो म्हणजे चालणारच. पण पहिल्या मिनिटाला पूर्ण ताकद लावायची नाही. खालची कॉइल लहान आणि पॅन मोठा असला तर मधला भाग झपाट्याने फुगतो, कडा गार राहतात, आणि बूड वाकतं किंवा तडकतं. सगळ्यात खालून सुरुवात करा, मग वाढवा. ओरखडे पॅन ओढल्याने पडतात. उचलून ठेवा, बूड आणि काच दोन्ही पुसून घ्या, वाळूचा एक कण पुरतो.

याच्याच उलट: तापलेल्या पॅनवर नळाचं गार पाणी सोडायचं नाही. चर्र आवाज ऐकायला बरा वाटतो, पण तडे असेच जातात.

उगाच_शंका

मासा केला की नंतर अंड्याला वास येतो. साबण लावूनही.

जुनं_ते_सोनं

साबण लावूनही म्हणे! मीठ घालून पॅन तापव, मीठ भुरकट झालं की टाकून दे, पूस. तरी राहिला तर रिकामाच ओव्हनमध्ये २०० वर अर्धा तास. वास राहतो तो वर उरलेल्या ओशट तेलाचा, थराचा नाही. आणि ठेवताना तेल थापून ठेवत असशील तर तेही बंद कर. पॅन काही दिवस वापरात नसला की ते खवट होतं. पुसल्यावर बोट ओशट होणार नाही इतकंच ठेवायचं. झाकण घालून ठेवू नकोस, आत दमटपणा कोंडतो. घालायचंच असेल तर मध्ये कागदाची घडी ठेव.

आळशी_आचारी

काकू, वास साबणाने आला असं अजून म्हणाला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

जुनं_ते_सोनं

म्हणणारच होते. मग वाटलं जाऊ दे.